श्रीखंडे यांच्या पेपरांची सायटेशन: तीन ठिकाणी तीन आकडे, धरायचा कुठला?

लॅटिनचौकट:
विभागाच्या स्मरणिकेत गणितज्ञ शरच्चंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) यांच्या संशोधनावर दोन पानं द्यायची आहेत: पेपर, सहलेखक, सायटेशन (इतरांच्या पेपरांत आलेले संदर्भ). गूगल स्कॉलर आणि गणिताचे डेटाबेस मॅथसायनेट व झेडबीमॅथ यांचे आकडे एकमेकांच्या जवळपासही नाहीत. संपादकांना एच-इंडेक्स (प्रत्येकी किमान h सायटेशन असलेले h पेपर, यातला सर्वांत मोठा h) हवाच आहे. काय छापावं?

सूचीकार:
आकडे जुळणारच नाहीत. मॅथसायनेटची सायटेशन मुख्यतः २०००च्या आसपास आणि नंतर छापलेल्या पेपरांच्या संदर्भसूचींतून येतात. म्हणजे ऑयलरची अटकळ खोटी ठरवणाऱ्या १९५९च्या पेपरचा खरा बोलबाला होता त्या साठ-सत्तरच्या दशकातला हिशेब त्यात जवळपास नाहीच. स्कॉलर उलट प्रबंध, टिपणं, प्रीप्रिंट (छपाईआधीच्या प्रती), दिसेल ते उचलतं.

यादी झेडबीमॅथवरून करा. जानेवारी २०२१ पासून ते सगळ्यांना मोफत आहे. नुसतं आडनाव टाकून शोधू नका, थेट लेखकाच्या पानावर जा. वडील एस. एस., मुलगा मोहन म्हणजे एम. एस., आणि दोघांचाही विषय कॉम्बिनेटोरियल डिझाइन्स (ठरावीक नियम पाळणाऱ्या बिंदूंच्या गटांच्या रचना). त्यामुळे विषयावरून चाळणी लावलीत तरी सरमिसळ राहतेच.

दुसरी मेख ऑयलरच्या अटकळीच्या पेपरांत आहे. n क्रमांकाचा लॅटिन चौरस म्हणजे n×n पट, ज्याच्या प्रत्येक ओळीत आणि स्तंभात n चिन्हं एकेकदाच येतात; दोन चौरस एकमेकांवर ठेवल्यावर चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच आली तर ते परस्परलंबी. ४t+२ (२, ६, १०…) क्रमांकांची अशी जोडी नसते, ही गणितज्ञ ऑयलरची अटकळ. ते तीन आहेत आणि तिन्हींच्या शीर्षकांत ती अटकळ खोटी ठरल्याचं येतं: बोस-श्रीखंडे, अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीचं प्रोसीडिंग्ज, खंड ४५ (१९५९), पान ७३४; त्याच दोघांचा अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ट्रान्झॅक्शन्समधला, खंड ९५ (१९६०), पान १९१; आणि पार्करसह कॅनेडियन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्समधला, खंड १२ (१९६०), पान १८९. संदर्भ देणारे लोकही यांची अदलाबदल करतात. शीर्षकावर विसंबू नका, खंड आणि पहिलं पान ताडून पाहा. पहिला चार पानी आहे म्हणून पुनरावृत्ती समजून गाळू नका, निकाल प्रथम तिथे जाहीर झाला.

ग्राफवाला:
एच-इंडेक्स द्यायचाच तर कुठल्या डेटाबेसवरून, कुठल्या तारखेला, हे शेजारी छापा. माझं मत विचाराल तर देऊच नका. हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढलेलं ते माप पन्नासच्या दशकातल्या गणितज्ञाला लावून हाती काय लागणार?

श्रीखंडे ग्राफचंच घ्या. ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा; जोडलेले बिंदू ते शेजारी. इथे १६ बिंदू, प्रत्येकाला ६ शेजारी, कुठल्याही दोन बिंदूंना नेमके २ सामाईक शेजारी. ४×४ बुद्धिबळपटावरच्या हत्तीच्या चालींचा ग्राफही (एका चालीत हत्ती पोचेल ती घरं शेजारी) अगदी याच आकड्यांचा, तरी दोन्ही ग्राफ वेगळे. अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सच्या १९५९च्या पेपरात (खंड ३०, पान ७८१) श्रीखंड्यांनी दाखवलं की n×n पटावरच्या हत्तीच्या ग्राफचे आकडे असले की ग्राफ हत्तीचाच निघतो, अपवाद फक्त ४×४चा. आज लोक ‘श्रीखंडे ग्राफ’ एवढंच लिहून पुढे जातात, मूळ पेपर संदर्भसूचीत घालत नाहीत. नाव रुळलं की सायटेशन आटतात.

याच्या उलटही झालंय. सममित डिझाइन्स (जितके बिंदू तितकेच गट असलेल्या रचना) कधी अशक्य ठरतात यावरचं प्रमेय ब्रक, रायझर आणि चावला यांच्या नावाने चालतं. त्यातला बिंदूंची संख्या सम असतानाचा भाग श्रीखंड्यांच्या १९५०च्या पेपरात स्वतंत्रपणे आहे (तेच अ‍ॅनल्स, खंड २१, पान १०६). या पेपरला ओळ द्याच.

आणि सायटेशनचा प्रभाव दाखवायचा तर कॅनेडियन जर्नलचा तो खंड १२ उघडा. बोस-श्रीखंडे-पार्कर पान २०३वर संपतात. २०४वर चावला, एर्डिश आणि स्ट्राउस यांचा पेपर सुरू होतो. आधीच्या पानांवरची रचना घेऊन ते दाखवतात की n वाढत गेला की परस्परलंबी लॅटिन चौरसांची संख्याही कितीही मोठी होत जाते. मोजणीत हे सायटेशन एकच धरलं जातं.

लॅटिनचौकट:
हे छापण्यासारखं आहे! सहलेखकांबद्दल: गणितात नावं वर्णानुक्रमे असतात ना? मग पार्कर शेवटी का? त्यांचा वाटा कमी होता?

सूचीकार:
तसा अर्थ काढू नका. वर्णानुक्रम हा रिवाज आहे, नियम नव्हे, आणि हा पेपर त्याला अपवाद आहे. वाटा लिहायचा तर कामावरून लिहा: २२ क्रमांकाची परस्परलंबी जोडी बोस-श्रीखंडे यांची, १०ची पार्करची, आणि ६च्या पुढच्या सगळ्या ४t+२ क्रमांकांचा निकाल तिघांचा.

सहलेखकांची यादी पेपरागणिक करा, नुसत्या नावांची नको. बोस यांच्यासोबतचा कोड-रचनेवरचा (संदेशातल्या चुका पकडणारे कोड) १९५९चा पेपर इन्फर्मेशन अँड कंट्रोलमध्ये आहे (खंड २, पान १८३). त्याचे वाचक कोडिंगवाले, म्हणून त्याची सायटेशन गणिताच्या डेटाबेसमध्ये कमी भरतात. तेवढ्या एका पेपरसाठी स्कॉलर बघा.

एर्डिश क्रमांक (सहलेखकांच्या साखळीत एर्डिश यांच्यापासूनचं अंतर) टाकायचा असेल तर मॅथसायनेटचं सहलेखन-अंतराचं साधन वर्गणीशिवाय चालतं. तिथेही नाव टाकल्यावर येणाऱ्या यादीतून एस. एस. निवडा आणि दाखवलेल्या साखळीतला प्रत्येक पेपर उघडून बघा.