बुधाच्या आतला 'ग्रह' आणि आमचा विजयदुर्ग

वरती एकाने विचारलंय की बुधाच्या कक्षेच्या आत, सूर्याजवळ, वल्कन नावाचा ग्रह होता तर गेला कुठे, कोणी दाबून ठेवला काय. अहो तो नव्हताच कधी! बुधाची कक्षा हळूहळू फिरते, त्यात शतकाला साधारण 43 आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) हिशोब लागेना, मग ले व्हेरिए हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ म्हणाला आत अजून एक ग्रह असणार, आणि त्यानेच गणितावरून नेपच्यून सापडवून दिलेला म्हटल्यावर लोक ऐकणारच ना. 1859 ला एका फ्रेंच डॉक्टरला सूर्यावरून काळा ठिपका सरकताना दिसला, झालं, नाव पण ठेवून मोकळे. सूर्याला एवढा चिकटलेला ग्रह एरवी दिसणार कसा, म्हणून खग्रास ग्रहणात शोधायचे. 1878 ला अमेरिकेत दोघांनी छातीठोक सांगितलं दिसला म्हणून, पण दोघांच्या जागाच जुळेनात :) शेवटी 1915 ला आइनस्टाईनने ते 43 आर्कसेकंद ग्रहाबिहाशिवाय, आपल्या सापेक्षतेच्या सिद्धांतातून काढून दाखवले.

ग्रहणावरून आठवलं, आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावर साहेबाचे ओटे (दुर्बिणी ठेवायचे चौथरे) दाखवतात ना, तिथे 1898 च्या जानेवारीत लॉकियर हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ, म्हणजेच तो साहेब, खग्रास ग्रहणालाच आलेला, वल्कनसाठी नव्हे हां, सूर्याचा वर्णपट (प्रकाशातले सुटे केलेले रंग) घ्यायला. कोणी 1868 सांगितलं तर मान डोलावू नका, तेव्हा साहेब इंग्लंडातच होता.