८०व्या वर्षी क्लॅरिनेट: वाजवत राहावं की खुर्ची सोडावी?

खुला_पंचम (धागाकर्ता):
स्टॅन्ली ड्रकर न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदातून २००९ साली निवृत्त झाले तेव्हा ८० वर्षांचे होते. १९४८ मध्ये, १९व्या वर्षी, ते तिथे आले आणि १९६० पासून क्लॅरिनेटचे मुख्य वादक होते. कार्यक्रम दहा हजारांच्या वर. निरोपाच्या वेळी त्यांनी अमेरिकन संगीतकार कोपलँडचा क्लॅरिनेट काँचेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) वाजवला. ज्यांनी तो ऐकलाय त्यांना ठाऊक असेल, सुरुवात अगदी संथ, दमसासाची परीक्षा पाहणारी. साथीला तंतुवाद्यं आणि हार्प, त्यामुळे क्लॅरिनेटचा सूर पूर्ण उघड्यावर. श्वास जरा डळमळला की मागच्या रांगेतही कळतं. मग एकट्या क्लॅरिनेटचा तुकडा आणि शेवटी जॅझच्या अंगाची धावपळ. हे ज्याला ८०व्या वर्षी पेलतं, त्याला वय कसलं विचारता? सूर लागतोय तोवर वाजवावं, एवढंच माझं म्हणणं.

दुसरी_घंटा:
ड्रकर यांच्या सुराबद्दल वादच नाही, वाद खुर्चीचा आहे. मोठ्या वाद्यवृंदात क्लॅरिनेटवाले तीन-चार, त्यात मुख्य एकच. ती जागा ४९ वर्षं एकाकडे! १९४८ साली कुणीतरी १९ वर्षांच्या पोरावर भरवसा टाकला, म्हणून ड्रकर उभे राहिले. नंतरच्या ४९ वर्षांत तशाच पोरांना त्या जागेसाठी साधी ऑडिशनही देता आली नाही. माझी भाची परदेशात क्लॅरिनेट शिकते. ऑडिशनला पडद्याआड बसून दहा मिनिटं वाजवायचं आणि घरी परत यायचं, हे तिचं तिसरं वर्ष. तिला 'सूर लागतोय तोवर' हे वाक्य मी कुठल्या तोंडाने ऐकवू?

गद्य_माणूस:
दुसरी_घंटा यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं. कलाकाराला स्वतःचा उतार ऐकू येत नाही आणि आजूबाजूचे प्रेमापोटी बोलत नाहीत. बालगंधर्वांच्या उतारवयातल्या भूमिकांबद्दल आमचे आजोबा बोलायचे ते डोळ्यांत पाणी आणूनच. अमेरिकन जॅझ क्लॅरिनेटवादक आर्टी शॉने १९५४ साली, चव्वेचाळिशीत, क्लॅरिनेट खाली ठेवलं ते ठेवलंच. पुढे २००४ पर्यंत जगला. त्याचं जे ध्वनिमुद्रित आहे त्यात थकलेला शॉ कुठेच नाही. याला मी मोठा संयम म्हणतो.

खुला_पंचम:
@गद्य_माणूस, शॉच्या त्या ५० वर्षांत काय काय वाजलं असतं, याची हळहळ नाही वाटत? जॅझवालाच क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन बघा. कोपलँडने हा काँचेर्टो लिहिला तो त्याच्यासाठीच. तो १९८६ मध्ये, ७७व्या वर्षी गेला आणि शेवटपर्यंत वाजवत होता. आणि २००७ च्या सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेनजी ८५व्या वर्षी गायले, तेव्हा मंडपात बसलेल्या कुणाला 'आता पुरे' म्हणावंसं वाटलं असेल?
@दुसरी_घंटा, ड्रकर गेल्यावर कायमचा मुख्य वादक म्हणून अँथनी मॅकगिल आले ते २०१४ मध्ये. पाच वर्षं गेली. अशी माणसं रांगेत तयार उभी नसतात हो.

दुसरी_घंटा:
मॅकगिल त्या वाद्यवृंदातले पहिले आफ्रिकन-अमेरिकन मुख्य वादक, हेही लिहा की. खुर्ची रिकामी झाली तेव्हाच ते घडलं. शिवाय सवाईचं उदाहरण इथे लागू नाही. भीमसेनजी कुणाची जागा अडवून बसले नव्हते. मैफल वेगळी, नेमणूक वेगळी.

कावेरीकाठ:
हा शेवटचा मुद्दा मला पटला. कर्नाटक संगीतात ए. के. सी. नटराजन बघा. जन्म १९३१, संगीत कलानिधी हा कर्नाटक संगीतातला मोठा सन्मान २००८ मध्ये, पद्मश्री २०२२ मध्ये. नागस्वरमची (दक्षिणेतलं सनईसारखं वाद्य) तालीम घेतलेल्या माणसाने विलायती क्लॅरिनेटमधून गमक काढले. अशा माणसाला निवृत्तीचं वय लावायचं तर कुणी लावायचं?

बँडवाल्याचा_मुलगा:
माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे, सत्तरी उलटेपर्यंत. हौस होती, पण पेन्शन नव्हती हेही खरं. इथे सगळे सुराबद्दल बोलताहेत, मी दातांबद्दल बोलतो. वाद्याचं तोंड वरच्या दातांवर टेकतं, खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून रीडखाली (तोंडाशी लावलेली, सूर काढणारी पातळ पट्टी) घ्यावा लागतो. वडिलांचे वरचे पुढचे दोन दात पडले आणि कवळी आली. कवळी हलली की सूर हलायचा. मग त्यांनी मऊ रीड घेतली, वरच्या पट्टीतल्या जागा कमी केल्या आणि खालच्या सुरांत असं काही वाजवायला लागले की वरातीत नाचणारे थांबून ऐकायचे. तरुणपणी त्यांनी तसं कधीच वाजवलं नव्हतं. तेव्हा उतार म्हणजे फक्त घट, हे मला मान्य नाही.

दुसरी_घंटा:
@बँडवाल्याचा_मुलगा, मनापासून विचारते. त्यांच्यामुळे बँडात कुणी तरुण अडला नाही?

बँडवाल्याचा_मुलगा:
अडला असता. मीच होतो तो. शेवटचे दोन सीझन त्यांनी मला डाव्या हाताला उभं केलं. दम संपला की ओळ अर्ध्यात सोडायचे, ती मी उचलायची. पहिल्या सीझनला मुखडा त्यांचा, दुसऱ्याला माझा. मालकाने दोघांत एकाचीच मजुरी दिली, त्याचा राग अजून आहे. वाद्य आता माझ्याकडे आहे. सगळं वजन उजव्या अंगठ्यावर येतं म्हणून त्यांनी टेकूला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता. तो मी काढलेला नाही.