पर्फ टेस्ट: एक्स८६ वर पास, आर्म६४ आणि एस३९० वर फेल

प्रश्न: पर्फ (लिनक्सवर प्रोग्रामची कामगिरी मोजणारं साधन) च्या स्वतःच्या चाचण्या तीन प्रकारच्या प्रोसेसरवर चालवल्या. एकच सोर्स, तरी आर्म६४ वर फ्रेम पॉइंटरची (स्टॅकवरची आधीची फ्रेम दाखवणारा पत्ता) कॉलग्राफ चाचणी, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी तपासणारी, पडते, मधलं फंक्शन गायब. एस३९० (आयबीएम मेनफ्रेम) च्या व्हर्च्युअल मशीनवर सायकल्स (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) मोजणाऱ्या चाचण्याही पडतात. सरळ स्किप करू का?

उत्तर १: आर्म६४ ची स्किप करू नका. तिथे लीफ फंक्शन (जे पुढे कोणालाच बोलावत नाही) बहुधा स्टॅकवर स्वतःची फ्रेम रचतच नाही, परतीचा पत्ता लिंक रजिस्टरमध्येच राहतो. म्हणून त्याला बोलावणारं फंक्शन साखळीतून गळतं. पर्फ ते ड्वार्फच्या (बायनरीतल्या डीबग माहितीचा फॉरमॅट) मदतीने भरून काढतं, पण बिल्डमध्ये ती वाचणारी लिबडीडब्ल्यू किंवा लिबअनवाइंड लायब्ररी हवी. आधी तेच बघा. लीफ फ्रेम सक्तीने ठेवणारा कंपायलर फ्लॅग लावलात तर चाचणी पास होईल, पण जे तपासायचं तेच झाकलं जाईल.

उत्तर २: एस३९० वर आधी पर्फ स्टॅट या कमांडने सायकल्स मोजून पाहा. 'नॉट सपोर्टेड' आलं तर गेस्टला (व्हर्च्युअल मशीनला) हार्डवेअर काउंटरच नाही. तिथे स्किप रास्त. शेल चाचणीत २ हा एक्झिट कोड म्हणजे स्किप, १ नव्हे (ही चूक फार दिसते). मात्र अट आर्किटेक्चरच्या नावावर नको, इव्हेंट (मोजायची गोष्ट, इथे सायकल्स) उघडतो का यावर घाला.

उत्तर ३: आकडा शून्य येत असेल तर एंडियननेसही (मेमरीत बाइट कोणत्या क्रमाने ठेवतात) तपासा. एस३९० बिग एंडियन आहे, म्हणजे वरचे बाइट आधी. ६४ बिटांचं फील्ड ३२ बिटांच्या पॉइंटरने वाचलं की वरचा अर्धा भागच हाती येतो.