अनुभव धागा: गाणं अंगात भिनलं तो दिवस

डिसेंबर जवळ आला की पुण्यात भेटेल तो विचारतो, "सवाईला आहात ना?" म्हणजे शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व महोत्सवाला. काल तिसऱ्यांदा हा प्रश्न आला आणि वाटलं, आपणही सगळ्यांना एक प्रश्न विचारावा. गाणी आपण सगळेच ऐकतो, पण गाणं अंगात भिनलं तो नेमका दिवस कोणता? शास्त्रीय, रॉक, भावगीत, ढोल, काहीही चालेल.

माझ्यापासून सुरुवात करते. मी चौथीत होते. सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा रमणबागेच्या मैदानावर व्हायचा आणि शेवटची रात्र पहाटेपर्यंत चालायची. बाबांनी भारतीय बैठकीची तिकिटं काढली होती. बरोबर सतरंजी, दोन शाली, थर्मास आणि आईच्या दशम्या. मी मध्यरात्रीच्या आधीच बाबांच्या मांडीवर झोपून गेले. जाग आली ती थंडीने, आणि समोर भीमसेनजी गात होते. राग ओळखायचं वय नव्हतं. पण तानेबरोबर त्यांचा हात वर गेला की मांडवातली माणसं बसल्या जागी सरसावून बसत होती, ते मला दिसत होतं. मी जागी झालेय हे बाबांच्या लक्षातही आलं नाही.

पण मला धरून ठेवलं ते त्यानंतरच्या पाच मिनिटांनी. मंच रिकामा झाला आणि ध्वनिक्षेपकावर सवाई गंधर्वांची भैरवी लागली, 'बिन देखे परे नाही चैन'. जुनी ध्वनिमुद्रिका, खरखर ऐकू येणारी. मला वाटलं, आता लोक उठतील, चपला शोधतील. कोणी हललं नाही. ज्यांच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी १९५३ साली हे सगळं सुरू केलं ते गुरू आदल्याच वर्षी गेलेले, आणि इतक्या वर्षांनी एवढी माणसं रिकाम्या मंचाकडे बघत त्यांचंच गाणं ऐकत होती. मला त्या वयात रडू आलं आणि का ते सांगता येईना.

आता तुम्ही सांगा.

कोथरूडहून:
मी गाणं ऐकायला शिकलो तो साउंड मिक्सरच्या, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवणाऱ्या यंत्राच्या मागे उभा राहून. 'अग्नी' हा आपल्या पुण्याचा बँड. २००७ साली त्यांचा अल्बम आला तेव्हा आमच्या होस्टेलवर खोलीखोलीत 'साधो रे' वाजायचं. पुढच्या वर्षी एका गॅदरिंगला ते आले. मी स्वयंसेवक होतो, काम काय, तर केबलवर कोणाचा पाय पडू द्यायचा नाही. दुपारी रिकाम्या मैदानावर साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधी एकेका वाद्याचा आवाज तपासणं, सुरू झाला. आधी नुसती किक, ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम. धप्, धप्, बराच वेळ तेच. मग स्नेअर, त्यातलाच छोटा ड्रम. मग बास गिटार आली, म्हणजे खालच्या सुरांचा बास आला आणि किकला असा चिकटून बसला की दोन वाद्यांचं एकच वाद्य झालं. साउंडवाल्या दादांनी माझा चेहरा पाहिला असावा. स्वतःचे हेडफोन काढून माझ्या डोक्यावर चढवले आणि बासचा चॅनेल बंद केला. "बघ, काय गेलं?" म्हणाले. गाणं तेच होतं, पण त्याच्या पायाखालची जमीन गेली होती.

त्या रात्री सगळं मैदान गायकाबरोबर गात होतं, मी मात्र बासच ऐकत होतो. आज हेच काम करून पोट भरतो. दुपारचा साउंडचेक मला अजूनही रात्रीच्या कार्यक्रमाहून जास्त आवडतो.

नारायण पेठेतून, आजीच्या वतीने:
आजी सांगतेय, मी टंकतेय. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. वाड्यात रेडिओ एकच, तोही मालकांकडे. त्यांच्या ओसरीवर सगळे दाटीने बसायचे. आजी पेन्सिलीने वहीत उतरवून घ्यायची. बाबूजींचे, म्हणजे सुधीर फडक्यांचे, उच्चार इतके स्वच्छ की एखादाच शब्द निसटायचा, तिथे ती रेघ मारून जागा सोडायची. मग वर्तमानपत्रात गीत छापून आलं की ती जागा भरायची. आठवड्याला एक नवं गीत, आणि त्या वर्षी अधिक मास आला म्हणून गीतं ५६ झाली. वही अजून आहे. पेन्सिल पुसट झालीय, पण आजीला वही लागतच नाही.

शनिवार पेठेतून:
ढोल चालेल म्हणालात म्हणून लिहिते. सुरुवातीला नदीपात्रातल्या सरावात माझा ठेका रोज चुकायचा. शेजारच्या ताईने सांगितलं, टिपरूकडे, म्हणजे ढोल वाजवायच्या काठीकडे, बघू नको, माझ्या खांद्याकडे बघ. विसर्जनाला टिळक चौकात तिच्याकडे न बघता वाजवलं. मिरवणुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो, हे मी नाकारत नाही. आमच्या पथकातही त्यावर वाद होतात आणि व्हायलाच हवेत.

चिंचवडहून:
२०१६, पुण्यातला वीकेंडर संगीत महोत्सव, ब्रिटिश रॉक गायक स्टीव्हन विल्सन. त्याचा बँड पॉर्क्युपाइन ट्री मला सीनियरच्या पेनड्राइव्हमधून मिळाला होता. हे ऐकणारा ओळखीत दुसरा कोणी नव्हता, म्हणून तिकीटही एकट्याचंच काढलं. तिथे डावीकडच्या मुलाला प्रत्येक ओळ पाठ, उजवीकडच्या मुलीलाही. दोन गाण्यांच्या मध्ये आम्ही तिघं एकमेकांकडे बघून नुसते हसत होतो. तो मुलगा नागपूरचा. अजून दर रविवारी एकमेकांना एकेक गाणं पाठवतो.

कोथरूडहून:
धागाकर्त्या ताई, त्या सतरंजीचं पुढे काय झालं?

धागाकर्ती:
आहे अजून. महोत्सव आता मुकुंदनगरला असतो आणि बाबांना खाली बसवत नाही, म्हणून खुर्चीचं तिकीट काढते. सतरंजी घडी करून त्यांच्या पायांवर घालते. भैरवी लागली की ते माझं मनगट धरून ठेवतात, गर्दीच्या आधी गाडी काढायला मी उठू नये म्हणून.