प्रतिसाद: लिंडा रॉनस्टॅट आणि 'हार्ट लाइक अ व्हील'

"दुसऱ्यांचीच गाणी गायली, मग त्यात तिचं असं काय?" अमेरिकन गायिका लिंडा रॉनस्टॅटच्या 'हार्ट लाइक अ व्हील' या अल्बमबद्दल कुणीतरी विचारलेला हा प्रश्न वाचून राहवलं नाही. १९७४ च्या शेवटी आलेल्या या अल्बममधलं एकही गाणं लिंडाने लिहिलेलं नाही, हे खरंच आहे. पण त्याआधीच्या तिच्या चार एकल अल्बमना जे जमलं नाही ते यानेच केलं: १९७५ मध्ये हा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

'यू आर नो गुड' पुन्हा एकदा हेडफोन लावून ऐका. मूळ गाणं १९६३ चं, डी डी वॉरविकने गायलेलं. लिंडा पहिलं कडवं जवळजवळ आवाज दाबून गाते, राग नुसता जाणवत राहतो, आणि ध्रुवपदाला तो उसळून बाहेर येतो. शेवटी तर ती गप्पच होते. अँड्र्यू गोल्डची गिटार आणि मग व्हायोलिनचा ताफा गाणं पुढे नेतात. निर्माता पीटर अ‍ॅशरची ही करामत मला फार आवडते.

याच अल्बममधल्या, कंट्री गायक हँक विल्यम्सच्या गाण्यात गायिका एमिलू हॅरिसचा जोडआवाज आहे. त्या गायनासाठी लिंडाला ग्रॅमी मिळालं. शीर्षकगीत अ‍ॅना मॅकगॅरिगल या कॅनडाच्या गीतकार-गायिकेचं, आणि तेही मॅकगॅरिगल बहिणींचा स्वतःचा पहिला अल्बम यायच्या आधी निवडलेलं! गाणं नेमकं हेरणं, त्याची लय ठरवणं, कुठे थांबायचं ते कळणं, हे सगळं तिचंच आहे. माझ्या मते एव्हर्ली बंधूंच्या 'व्हेन विल आय बी लव्हड'ला तर तिने मूळ गाण्यापेक्षा जास्त धार दिली आहे.