काळ्या रानात सोन्याची वाटी हुडकायचीय: मशीन कंपनीचं बघावं का चालवणारा बघावा?

गोदाकाठचा (गेवराई)

राम राम मंडळी. कापूस वेचताना आमच्या वहिनीच्या मंगळसूत्राची एक वाटी पडली. मणी कुठं कुठं सापडले, वाटी काही सापडली नाही. अंबाजोगाईचा एक दोस्त त्याचं मेटल डिटेक्टर घेऊन आला. मशीन कपाशीच्या पहिल्या तासापासून (ओळीपासून) जे ओरडायला लागलं ते बांधापर्यंत ओरडतच गेलं. हाती लागला नांगराच्या फाळाचा तुकडा न् दोन खिळे.

आता आम्ही चौघं भाऊ मिळून स्वतःचंच मशीन घ्यावं म्हणतोय. पुढं गावातबी कामाला येईल, सुगीत कुणाचं ना कुणाचं काहीतरी हरवतंच. बजेट 40 हजारांपर्यंत, फारच ताणलं तर थोडं वर. व्हिडिओ बघून डोकं फिरलंय. एक म्हणतो मिनेलॅबच घ्या, दुसरा गॅरेट, तिसरा नोक्टा. दोस्त म्हणतो मशीन कोणतंबी घे, हात पाहिजे. खरं काय धरायचं?

जालना टेक

सरळ उत्तर: ब्रँडनं फरक पडतो. मिनेलॅब इक्विनॉक्स 800 घ्या, 2018 ला आलेलं मॉडेल आहे. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती कंपनं ती) सोडतं, आणि एकच फ्रिक्वेन्सी हवी असेल तर 5 पासून 40 किलोहर्ट्झपर्यंत निवडता येते. बारीक सोन्याला वरची फ्रिक्वेन्सी लागते. जुन्या साध्या मशीन साडेसहा-सात किलोहर्ट्झवर चालतात, त्या चांदीला आणि मोठ्या नाण्याला ठीक. कमी पैशात घेऊन परत रडण्यापेक्षा एकदाच घ्या. हात-बित सगळं नंतर येतं.

वाइंडिंगवाले काका (सेलू)

जालनेकर, फ्रिक्वेन्सीचं बरोबर सांगितलंत. पण "हात नंतर येतो" हे काही पटलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तांब्याच्या तारेतच हयात गेली, त्यामुळं हे मशीन मला बाहेरून नवं दिसलं तरी आतून ओळखीचं निघालं. खालच्या चकतीत दोन कॉइल. एकीतून उलटसुलट प्रवाह फिरतो, त्यानं जमिनीतल्या धातूत भोवऱ्यासारखे बारके प्रवाह उठतात, त्यांचा प्रतिसाद दुसरी कॉइल पकडते. तो किती उशिरा आला यावरून मशीन आकडा दाखवतं. कोणत्याही कंपनीचं घ्या, या जातीच्या मशीनचं मूळ एवढंच. मशीनला सोनं कळत नाही, धातूतून वीज किती सहज वाहते न् वस्तू केवढी आहे हे कळतं. त्यामुळं खोक्यावर "गोल्ड मोड" लिहिलेलं वाचून हुरळून जाऊ नका.

आता आपल्या रानाचं. आपली काळी माती झालीय काळ्या बेसाल्ट दगडाची, आणि त्या दगडात मॅग्नेटाइट आहे, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज. खोटं वाटत असेल तर ओढ्याच्या वाळूत एक चुंबक फिरवा, काळी भुकटी मिशीसारखी उभी राहते. मशीनला ही सगळी जमीनच धातूसारखी वाटते. तुमच्या दोस्ताचं मशीन ओरडत गेलं त्याचं एक कारण हेच असणार. यावर उपाय ग्राउंड बॅलन्स. चकती जमिनीवर खालीवर हलवायची, मशीन त्या मातीचा आवाज ओळखतं न् वजा करतं. काही स्वस्त मशीनमध्ये हा बॅलन्स कारखान्यातच ठरवून दिलेला असतो, आपल्याला बदलता येत नाही. हलक्या मातीत ते चालून जातं, आपल्याकडं नाही. म्हणून माझं मत विचाराल तर कंपनी कोणतीबी असू द्या, ग्राउंड बॅलन्स आपल्या हातात पाहिजे, आणि फ्रिक्वेन्सी 12 किंवा त्याच्या वर. नोक्टाचं सिम्प्लेक्स 12 वर चालतं, गॅरेटचं एटी प्रो 15 वर, दोन्हींत बॅलन्स स्वतः करता येतो. इक्विनॉक्स आहेच. याच्या खाली उतरू नका. याच्या वर जेवढे पैसे घालाल त्याचा फायदा होतो, नाही असं नाही, पण वाटी निघेल का नाही हे त्यानं ठरत नाही.

ते ठरतं चालवण्यावर. लोक गवत कापल्यासारखी चकती फिरवतात, दोन्ही टोकांना हात वर उचलला जातो. वाटी केवढी, तर बोटाच्या पेरापेक्षा लहान. टोकाला चकती वीतभर वर गेली की तेवढी खोली गेलीच समजा. चकती जमिनीला घासत नाही एवढीच वर, शेवटपर्यंत सपाट, हळू, आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवून. सुतळी बांधून पट्टे पाडा. एकदा उभं झालं की तेच रान आडवं करा, कारण एका बाजूनं खिळ्याच्या आड लपलेली वस्तू दुसऱ्या बाजूनं बोलते. सेन्सिटिव्हिटी (मशीनचा कान किती तीक्ष्ण ते) पूर्ण वर ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. आपल्या मातीत ती दोन-तीन घरं खाली आणली की मशीन शांत होतं, आणि शांत मशीनच खोलवरचं ऐकवतं. हेडफोन लावा.

खरी कसोटी तर पुढंच आहे. कपाशीच्या रानात फवारणीच्या बाटल्यांची सीलं पडलेली असतात ना, झाकणाखालची चंदेरी अॅल्युमिनियमची पापुद्री? ती, गोळ्यांच्या पाकिटांचे तुकडे आणि सोन्याची बारीक वस्तू, तिन्ही जवळपास एकाच आकड्यावर येतात. इक्विनॉक्सच्या पडद्यावर आकडे उणे 9 पासून 40 पर्यंत असतात, चांदीची जोडवी वरच्या भागात, ही सगळी मंडळी खालच्या. कचरा नको म्हणून तुम्ही तो आकडा बंद केला की सोनंबी बंद झालं. लाखाचं मशीन असो, तिथं सुटका नाही, वाकून उकरावंच लागतं. माझ्याकडं जे लोक "मशीन फेल आहे" म्हणत येतात, त्यातल्या बहुतेकांनी तो आकडा बंद करून ठेवलेला असतो.

आधी एक करा. घरातली तशीच दुसरी वाटी दोऱ्याला बांधा, त्याच रानात दोन बोटं, चार बोटं, सहा बोटं खोल पुरा न् वरून मशीन फिरवा. आवाज कानात बसू द्या. दोरा मात्र बाहेर ठेवा, नाहीतर परत इथं प्रश्न टाकावा लागेल.

गोदाकाठचा

काका, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. दोन शंका. रानाला डुकरांसाठी झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारं) लावलंय, त्यानं काही होतं का? आणि पऱ्हाटी (कपाशीची झाडं) अजून उभी आहे, जमिनीला भेगा पडायला लागल्यात.

वाइंडिंगवाले काका

झटका मशीन बंद करा आधी! त्याचा ठोका डिटेक्टरमध्ये टक-टक असा येतो आणि नवा माणूस प्रत्येक ठोक्याला खाली बघतो. शेजाऱ्याचंबी बंद करायला सांगा. डोक्यावरून तारा गेल्या असतील तर थ्री फेज नसताना जा. खिशातला मोबाइल बांधावर ठेवा, हातातलं कडं काढा, खिळे मारलेली चप्पल नको. तुमच्या दोस्ताच्या पायात काय होतं ते विचारा एकदा.

उभ्या पऱ्हाटीत 11 इंची चकती फिरत नाही, झाडाला धडकली की खोटा आवाज देते. सहा इंची चकती वेगळी मिळते, ती घ्या. खोली थोडी कमी, पण झाडांच्या मधून जाते आणि दोन खिळ्यांमधली वस्तू वेगळी दाखवते. मशीन ठरवताना त्याला लहान चकती मिळते का ते विचारा. दुकानदार हे आपण होऊन सांगत नाही.

भेगांचं अवघड आहे. वाटी भेगेत उतरली तर फूट-दीड फूट खाली जाते न् तिथं कोणतंच मशीन पुरत नाही, एवढ्या लहान वस्तूला तर नाहीच. म्हणून उशीर नको. पाऊस पडला की माती फुगून भेग मिटते.

पैठणचा

यांच्या धाग्यात घुसतो, माफी. आमच्या शेताला लागून पांढर (जुन्या वस्तीची जागा) आहे, पावसाळ्यात खापरं वर येतात, एखादं नाणंबी. तिथं हेच मशीन चालेल का?

तेरणाकाठ

चालेल, पण चालवू नका. मी तेरचा. आमचं तेर म्हणजे जुनं तगर, तुमचं पैठण म्हणजे प्रतिष्ठान, तिकडं भोकरदन. सातवाहनांच्या काळापासूनची वस्ती या पांढरींच्या पोटात आहे. संरक्षित जागेवर परवानगीशिवाय उकरणं हा गुन्हा आहे. स्वतःच्या शेतात निघालं तरी 1878 चा गुप्तधनाचा कायदा आहे: जमिनीत दडलेलं 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते गुपचूप विकता येत नाही. आणि कायदा सोडा, नाणं कोणत्या थरात, कोणत्या खापरासोबत होतं ते एकदा उकरलं की गेलं. अभ्यासणाऱ्याला मग नाणं म्हणजे नुसता शिशाचा तुकडा हाती येतो.

वाइंडिंगवाले काका

तेरणाकाठ यांच्याशी सहमत. मी हरवलेल्या वस्तूलाच जातो, मालक समोर उभा असताना. पांढरीवर न्यायचं म्हणणाऱ्याला दुकानातूनच चहा पाजून परत लावतो. आणखी एक, "500 मीटरवरून सोनं दाखवतो" म्हणून अँटेनाच्या दोन कांड्या विकतात, त्याच्या नादी कुणी लागू नका. आत ना कॉइल ना काही. अशा कांडीवाल्याच्या मागं मांत्रिक येतोच, आणि गुप्तधनाच्या नावाखाली काय काय होतं ते आपण पेपरात वाचतो. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे त्याला.

गेवराईकर, तुमच्याकडं परत येतो. वाटी पडली हे कळलं कधी? रानात का घरी आल्यावर?

गोदाकाठचा

घरी आल्यावर. मणी वेचलेल्या तासात सापडले म्हणून वाटीबी तिथंच असणार असं धरलं.

वाइंडिंगवाले काका

धरू नका. वेचताना कापसाची ओटी कमरेला असते, पोत तुटली तर मणी खाली न् वाटी सरळ ओटीत. कापूस विकला का?

गोदाकाठचा

नाही, भाव नाही म्हणून घरातच थप्पी आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

जालना टेक

काका, हे बेस्ट. कापसात माती नाही, खनिज नाही, दोस्ताचं साधं मशीनसुद्धा वाटी सहज दाखवेल. मी माझं इक्विनॉक्सचं म्हणणं महिनाभर मागे ठेवतो 😄

वाइंडिंगवाले काका

ठेवा. गेवराईकर, नवं मशीन आत्ताच घेऊ नका, दोस्तालाच परत बोलवा. पण घरात फिरवू नका, स्लॅबमधली सळई न् पत्रा दोन्ही ओरडतात. अंगणात, शेडपासून लांब, लोखंडी बाज नको, नुसती ताडपत्री. ताडपत्रीची पितळी कडी असते, ती बाजू सोडा. ताडपत्री टाकायच्या आधी रिकाम्या जागेवरून मशीन फिरवून घ्या, खाली काही पुरलेलं नाही ना ते कळेल. मग कापूस वीतभर जाडीचा पसरवा, थोडा थोडा, बघून झालेला वेगळा टाकत चला. वहिनींना जवळ बसवा, ओटी कुठं रिकामी केली होती ते त्यांनाच माहीत.