मदत हवी आहे: हॉग म्हणजे डुक्कर का मेंढी?

नमस्कार मंडळी, सांगोल्याहून लिहितोय. धाकटा भाऊ पशुसंवर्धनाचा डिप्लोमा करतोय, इंग्रजीतनं वाचताना एका शब्दावर अडलाय आणि मलापण सुटेना. शब्द हॉग. अमेरिकन पुस्तकात मोठं झालेलं कुठलंही डुक्कर हॉग, ब्रिटिश पुस्तकात मांसासाठी वाढवलेला खच्ची नर म्हणजे हॉग, इथपर्यंत ठीक होतं पण परवा लोकरीवरचं वाचत होता तर त्यात मेंढराला हॉग म्हटलंय! आमच्याकडं मेंढरं भरपूर, पण डुकराचं नाव मेंढराला कसं काय लागलं? छपाईची चूक आहे का? शिवाय स्वाइन, पिग हे परत वेगळंच. तोंडी परीक्षा जवळ आलीय, नुसतं पाठ करून जाऊ नये, त्याला नीट कळावं असं फार वाटतं. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
चूक नाही भाऊ, बरोबर छापलंय. ब्रिटनमध्ये आईचं दूध तुटल्यापासून पहिली लोकर कातरेपर्यंतच्या मेंढराला हॉग म्हणतात, हॉगेट पण म्हणतात. जुन्या काळी वर्षावरच्या शिंगरालाही हा शब्द लावायचे, त्यामुळं मुळात तो जनावराच्या वयावरनं आला असावा असं काही अभ्यासक मानतात. आपण गायीची कालवड आणि म्हशीची वगार म्हणतो ना, तसाच वयाचा शब्द, फक्त तिकडं एकच शब्द दोन-तीन जनावरांत फिरला. शब्द जुन्या इंग्रजीतला, आणि वेल्श भाषेत डुकरिणीला हूख म्हणतात तिथनं आला असावा असा एक अंदाज आहे. अमेरिकेत साधारण १२० पौंडांच्या, म्हणजे ५४ किलोच्या वर गेलं की हॉग, त्याखाली पिग. पिग म्हणजे आधी फक्त पिल्लू होतं बरं का! आणि स्वाइन तर आपल्या जवळचा, संस्कृत सूकर आणि तो एकाच मुळातले, हे भावाला आवर्जून सांगा, एकदा कळलं की विसरणार नाही.

धागाकर्ता:
खूप खूप आभार, लगेच वाचून दाखवलं त्याला. अजून एक, गिल्ट म्हणजे डुकरातली अजून न व्यालेली तरुण मादी ना? मग पेपरात गिल्ट फंड (सरकारी रोख्यांत पैसे गुंतवणारा फंड) येतं त्याचा हिच्याशी काही संबंध?

प्रतिसाद:
मादीचा अर्थ बरोबर. फंडाशी संबंध काही नाही. मादीवाला शब्द जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातल्या) भाषेतनं आलाय, फंडवाला सोन्याच्या मुलाम्यावरनं.